शुद्ध श्वासाचं विमान

निरीक्षकांचं विमान जमिनीवर फार सुंदर धावायचं. मैदानाच्या एका टोकाला ठेवलं की ते नाकासमोर, सरळ, सभ्यपणे दुसऱ्या टोकाच्या कुंपणापर्यंत जायचं आणि कुंपणाला नाक टेकवून उभं राहायचं. वाटेत जमीन सोडावी असा विचार त्याच्या मनाला शिवतही नसे. मैदानाच्या कडेने फिरायला येणाऱ्या आज्यांना मंडळातलं हे एकच विमान पसंत होतं. बाकीची मेली डोक्यावरून जातात, म्हणायच्या, हे कसं घरंदाज आहे.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्याचे निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेला. पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसतं, असं बाजारात बोललं जाई, आणि हे बोलणं खोटं ठरवायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. असा माणूस हौशी विमानवाल्यांच्या मंडळात शिरल्यावर त्याला नियमांचा प्रमुख नेमण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि छोट्या जेट विमानांविषयीचा तो नियम, ज्याने पुढे एवढा घोळ केला, तो त्यांनीच मंडळाच्या गळी उतरवला होता.

नियम कळण्यापुरतं थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. बिचकायचं कारण नाही. निरीक्षकांनाही ते अर्धंमुर्धंच कळलेलं होतं. ह्या खेळातल्या जेटला खरं इंजिन नसतं. त्याच्या अंगात नाकापासून शेपटीपर्यंत एक नळी असते आणि नळीत बॅटरीवर फिरणारा एक छोटा पंखा. पंखा पुढून हवा ओढतो, मागे जोरात फेकतो, विमान पुढे सरकतं. पण खऱ्या लढाऊ विमानाची हुबेहूब नक्कल करायला गेलं, की हवा आत घ्यायच्या नाकपुड्या इतक्या चिमुकल्या होतात की पंख्याचा जीव घुसमटतो. मग हौशी माणूस काय करतो, तर विमानाच्या पोटाला, पंख्याच्या जरा पुढे, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने एक-दोन भोकं पाडतो. पंख्याला पोटभर हवा मिळते, विमान उडतं, माणूस खूश होतो. ह्या भोकांना मंडळात चोरभोकं म्हणत.

निरीक्षकांना तो शब्दच झोंबला. "ज्याला देवाने नाक दिलंय त्याने नाकाने श्वास घ्यावा," ते सभेत म्हणाले. "पोटाला भोक पाडून उडणं आणि पारड्याला मेण लावून विकणं, दोन्ही एकच." सभा जेवणाच्या वेळेला आलेली होती. ठराव पास झाला. चोरभोक असलेलं जेट वार्षिक प्रदर्शनात उडणार नाही.

ह्या नियमाचा पहिला आणि एकुलता एक बळी म्हणजे निरीक्षकांच्या समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात निरीक्षकांनी त्यांचं विमान सगळ्यांदेखत उलटं केलं, पोटाच्या भोकात बोट घातलं आणि विचारलं, "हे काय?"

"भोक आहे," डॉक्टर म्हणाले. "हवेसाठी."

इतक्या साध्या उत्तराची अपेक्षा नसल्यामुळे निरीक्षक क्षणभर बोट तसंच ठेवून उभे राहिले. मग बोट काढून त्यांनी विमान बाद केलं. डॉक्टरांनी ते मुकाट्याने गाडीत ठेवलं आणि गेले. त्या दिवसापासून दोन्ही दारांमधून पुरुषांचं बोलणं बंद. बायकांचं व्यवस्थित चालू होतं. उलट आता नवऱ्यांचा व्यत्यय नसल्याने जास्तच रंगत होतं. निरीक्षकांची एक दाढ ठणकत होती, तिच्यासाठी ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जात. हा डॉक्टर दाढेपेक्षा निरीक्षकांना जास्त दुखवायचा, पण तत्त्व म्हटलं की एवढं चालायचंच.

यंदाच्या प्रदर्शनाआधी एकदा दोघं लिफ्टमध्ये समोरासमोर आले. डॉक्टर मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "यंदा तुमचं जेट उडवून दाखवा. शुद्ध श्वासावर. उडालं, तर मी मंडळासमोर तुमची माफी मागेन आणि माझी भोकं तिथंच बुजवीन."

"आणि नाही उडालं तर?"

"नाही उडालं तर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

लिफ्टचं दार उघडलं, डॉक्टर बाहेर पडले. निरीक्षक आतच राहिले आणि तळमजल्यापर्यंत परत जाऊन आले. एखादी शिक्षा सांगितली असती तर बरं झालं असतं. 'तुमचं तुम्ही ठरवा' हे वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखं त्यांच्याबरोबर घरात आलं.

झालं. त्या दिवसापासून विमानाच्या श्वासोच्छ्वासाचं काम सुरू झालं.

निरीक्षकांनी आधी मोजमाप केलं, कारण मोजल्याशिवाय त्यांना जेवणही गोड लागत नसे. विमानाच्या शेपटीला दोरी, दोरीला खात्याचा शिक्का असलेला ताणकाटा, काटा बैठकीच्या दाराच्या कडीला. पंखा पूर्ण जोरात सोडला. काट्याने जी ओढ दाखवली ती बघून बायको म्हणाली, "एवढ्या ओढीने तर तुम्हीही सकाळी उठत नाही."

"अगं, नाकपुड्यांच्या कडा धारदार आहेत. हवा आत वळताना भिंतीपासून सुटते. कडांना गोलाई हवी."

गोलाई स्वयंपाकघरात सापडली. प्लास्टिकच्या नरसाळ्याचं तोंड बघून निरीक्षकांचे डोळे चमकले. नरसाळं गेलं. मग शॅम्पूच्या बाटलीचा खांदा गेला, कारण दुसऱ्या नाकपुडीला दुसरं नरसाळं नव्हतं. ह्याने ओढ वाढली, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. वाढली, पण विमान उडवण्याइतकी नाही. बायकोचा राग वाढवण्याइतकी मात्र नक्की वाढली. शॅम्पू ती आता पाण्याच्या तांब्यातून वापरत होती.

पुढचा प्रश्न असा, की नळीच्या आत हवा नेमकी करते काय? हवा दिसत नाही, हा तिचा मोठा दोष. ह्यावर जाणते लोक नळीत लोकरीचे धागे चिकटवतात. धागे भिंतीला धरून शांत पडले तर वारा सुरळीत. थयथयाट करू लागले तर तिथे घोटाळा आहे असं समजायचं. बायको तिच्या बहिणीच्या नातवासाठी स्वेटर विणत होती. सगळं विणकाम झालं होतं, एका बाहीचं तोंड तेवढं बाकी होतं. निरीक्षकांनी जमिनीवर घरंगळलेल्या लोकरीच्या गुंड्यातून धागा घेतला, त्याचे वेढे नळीत ठिकठिकाणी चिकटवले आणि तुकडे मागाहून कापू म्हणून पंखा सोडला.

बायको आतल्या खोलीत सुया हातात घेऊन बसली होती. तिने पुढे शेजारणींना सांगितलं ते असं, की आधी गुंडा उडी मारून दाराबाहेर गेला. तिला वाटलं मांजर आलं. मग बाही स्वतःच्या मनाने मनगटापासून उसवायला लागली, टाक्यामागून टाका, कोपर गेलं, दंड गेला. ती सुया धरून मागोमाग बैठकीत पोचली तेव्हा स्वेटरला एकच बाही होती आणि दुसरी पंख्याने अंगावर घेतली होती.

पंखा बंद पडलेला. निरीक्षक चिमट्याने लोकर ओढत होते.

"काही नाही," ते म्हणाले, "डाव्या कडेला हवा सुटतेय, हे मात्र कळलं."

"कळलं ना? मग आता त्या पोराला एका हाताला थंडी वाजते की दोन्ही, तेही कळेल."

त्यांना लाज वाटली. पण ही लाज अजून कोवळी होती. पुढे जी तयार झाली तिच्यापुढे हिचं नावही काढू नये.

धागे फसल्यावर धूर आला. डास पळवायची वेटोळी बत्ती असते, तशा बऱ्याच पेटवून निरीक्षक विमानासकट न्हाणीघरात शिरले. खिडकी बंद, दार बंद. धुराची रेघ नाकपुडीपाशी कशी वळते ते बघायचं. रेघ सुरेख वळली. पंख्याने ती आत घेतली, मागून फेकली आणि न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीतून बैठकीत, बैठकीतून जिन्यात रवाना केली. पंख्याचा जोर किती कमी आहे ह्याविषयी चाललेल्या प्रयोगात पंख्याने पहिल्यांदाच आपलं कर्तृत्व दाखवलं. जिना दिसेनासा झाला. समोरच्या डॉक्टरांनी धूर बघितला, दोन्ही बायकांना हाताला धरून खाली नेलं आणि अग्निशमन दलाला फोन केला.

न्हाणीघराचं दार उघडलं तेव्हा समोर दलाचे प्रमुख, शिरस्त्राण घातलेले, हातात कुऱ्हाड.

"आग कुठे आहे?"

निरीक्षक टबाच्या काठावर बसलेले, डोळे लाल, मांडीवर विमान. "आग नाही," ते म्हणाले. "हवेचा अभ्यास चाललाय."

प्रमुखांनी आयुष्यात बऱ्याच सबबी ऐकल्या होत्या, ही नवी होती. त्यांनी शिरस्त्राण काढलं, विमान हातात घेतलं आणि अशी विलक्षण वस्तू कुठे उडवतात ते विचारलं. मंडळाचे अध्यक्ष, चष्म्याचे दुकानवाले, गेले कित्येक महिने प्रदर्शनाला पाहुणा मिळत नाही म्हणून हवालदिल होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रमुखांना गाठून आमंत्रण दिलं. आता निरीक्षकांचं विमान कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात वर, पाहुण्यांच्या खास विनंतीवरून. डॉक्टरांनी मुद्दाम बंब बोलावला असा निरीक्षकांचा दृढ समज झाला. बायको म्हणाली, "त्यांनी मला जिन्यातून खाली नेलं. तुम्ही विमानाला घेऊन बसला होतात."

मग आली फट. पंख्याच्या पात्यांची टोकं आणि नळीची भिंत ह्यांच्यामधली फट जितकी बारीक तितकी हवा कमी वाया जाते. निरीक्षकांनी नळीला आतून पातळ पट्टी लावली. फट केसाएवढी राहिली. पंखा फिरवला, तर तो असा किंचाळला की वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत सगळी दारं एकदम उघडली. इमारतीचे सचिव चपला न घालताच आले.

"हे उपकरण आहे की वाहन?" त्यांनी विचारलं.

"विमान आहे."

"म्हणजे वाहन. वाहनं तळघरात. तळघरात जागा नाही."

"अहो, खेळातलं आहे हो."

"मग खेळणं. खेळणी इमारतीत वाजवायला बंदी आहे. तो ठराव तुम्हीच मांडलात."

निरीक्षकांना आठवलं. खालच्या मजल्यावरच्या पोरांची शिट्टी बंद करायला मांडला होता, चांगला टाळ्या घेऊन. शेवटी सचिवांनीच पळवाट काढली. वरच्या मजल्यावरच्या गायनशिक्षिकांना सकाळी सरावाची परवानगी होती. त्याच वेळात, त्याच सदराखाली, निरीक्षकांच्या पंख्याची 'सुषिर वाद्य' म्हणून नोंद झाली. कागदोपत्री बघितलं तर ते खरंही होतं, हवेवरच वाजत होतं ते.

मग रोज सकाळी वरून बाईंचा आवाज आणि खालून पंख्याचा. काही दिवसांनी गायनशिक्षिका स्वतःच खाली आल्या. चिडल्या असतील म्हणून निरीक्षकांनी आधीच माफीचं तोंड केलं. पण त्या विमानापाशी वाकून, डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"ह्याचा सूर फाटतोय," त्या म्हणाल्या. "हे वरवर श्वास घेतंय, गळ्यातून. माझ्या नव्या विद्यार्थिनींचं असंच होतं."

"मग त्यांना काय सांगता तुम्ही?"

"पोटातून घ्या म्हणते."

बाई चहा पिऊन निघून गेल्या. त्यांना विमानातलं काही कळत नव्हतं, आणि आपण काय बोलून बसलो हेही कळलं नाही. निरीक्षक मात्र विमानाच्या पांढऱ्याशुभ्र, अखंड पोटाकडे बघत राहिले.

नाही, असं ते स्वतःला म्हणाले. आणि पुन्हा काटा लावला. नळी आतून मेण लावून आरशासारखी केली होती. शेपटीचं तोंड थोडं अरुंद केलं होतं, मग फार अरुंद झालं म्हणून थोडं रुंद केलं होतं. जे जे करता येतं ते सगळं केलं होतं, आणि प्रत्येक गोष्टीने चिमूटभर फायदा झाला होता. काटा हव्या त्या खुणेच्या जरासा अलीकडे येऊन थांबला.

निरीक्षकांनी त्याला टिचकी मारली.

काटा पुढे सरकला आणि खुणेवर बसला. निरीक्षकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हीच टिचकी. बाजारात ह्याच टिचकीपायी त्यांनी एका भाजीवाल्याचा तराजू जप्त केला होता आणि वर त्याला अर्धा तास उभं करून प्रामाणिकपणावर ऐकवलं होतं. त्यांनी मागे वळून बघितलं. कुणी नव्हतं. कुणी नसल्याचं बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. एवढ्याशा टिचकीत माणूस किती वेळा खाली जातो.

मैदानावर मात्र टिचकी मारता येईना. विमान पुन्हा कुंपणापर्यंत धावलं आणि आज्यांनी पुन्हा कौतुक केलं.

प्रदर्शन अगदी तोंडावर आलं तेव्हा, बायको डॉक्टरांच्या बायकोबरोबर बाजारात गेलेली बघून, निरीक्षकांनी न्हाणीघराची कडी आतून लावली. घरात कुणी नसताना कडी का लावली, हे त्यांना विचारू नये. त्यांनी विमान पालथं केलं आणि पोटावर पेन्सिलने दोन चौकोन आखले. चौकोन मात्र काटकोनात आले, सवय. मग पातं चालवलं.

आणि नुसती भोकं पाडून थांबते तर ते निरीक्षक कसले. डॉक्टरांचं भोक उघड्या तोंडाचं होतं. निरीक्षकांनी भोकांना पातळ झडपा बसवल्या, आत उघडणाऱ्या. पंखा बंद असला की झडप मिटलेली, वर पोटाचाच रंग, कडेने खिळ्यांची खोटी नक्षी. पंखा सुरू झाला की आतल्या ओढीने झडप अलगद आत जायची. बोट फिरवलं तरी कळू नये. भोक पाडताना त्यांना वाईट वाटलं होतं. झडप बसवताना आपल्या कारागिरीचा अभिमान वाटू लागला, आणि चोरीत हीच पायरी सगळ्यात वाईट, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

काटा लावला. टिचकीची गरज पडली नाही. दाराची कडीच हातात आली.

त्यानंतर विमान घरात कधी पाठीवर ठेवलं गेलं नाही. बायकोने एकदा विचारलं, "हल्ली ह्याला पोटावरच का झोपवता?"

"पंखांना ताण येतो."

"अस्सं," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. ती 'अस्सं' म्हणाली की निरीक्षकांना चौकशी समितीसमोर उभं राहिल्यासारखं वाटे.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदान भरलं होतं. अग्निशमन दलाचे प्रमुख गणवेशात पुढच्या खुर्चीवर, शेजारी चष्मेवाले अध्यक्ष. टेबलावर यंदा नवी ढाल, तिच्यावर कोरलेलं: 'शुद्ध श्वास'. ही अध्यक्षांची कल्पना. निरीक्षकांना ती तिथेच कळली. लांब टेबलावर मंडळातली सगळी जेट विमानं ओळीने मांडलेली. परंपरेप्रमाणे निरीक्षकांनी प्रत्येकाच्या पोटावरून हात फिरवून ती पास केली. आपलंही केलं. डॉक्टर बायकोबरोबर कुंपणाशी उभे होते, त्यांचं विमान ओळीत नव्हतं.

निरीक्षकांचं विमान धावलं. आज्या नेहमीच्या जागी होत्या. मैदानाच्या मध्यावर त्याने नाक उचललं, आणि आज्यांमध्ये एकच गडबड उडाली. घरंदाज विमान सरळ त्यांच्या डोक्यावरून आभाळात गेलं. असं गेलं, की बघणारे सांगतात, वरून जाणाऱ्या घारीने वळून रस्ता दिला. त्याने मोठे वळसे घेतले, पाहुण्यांना सलामी दिली आणि पिसासारखं उतरून निरीक्षकांच्या पायांपाशी थांबलं. झडपा मिटल्या.

टाळ्या थांबेनात. अध्यक्ष ध्वनिक्षेपकावर गहिवरले. "ज्यांना वाटतं की वाकडी वाट धरल्याशिवाय वर जाता येत नाही," ते म्हणाले, "त्यांनी हे विमान बघावं." निरीक्षक ढालीसमोर उभे होते. आपले हात कुठे ठेवायचे ते त्यांना सुचत नव्हतं. टाळ्यांचा प्रत्येक आवाज कानशिलात बसत होता.

आणि मग गर्दीतून डॉक्टर आले. एका हातात त्यांचं विमान, दुसऱ्या हातात चिकटपट्टीचं रीळ. ते अध्यक्षांच्या हातून ध्वनिक्षेपक घेऊन म्हणाले, "मी निरीक्षकांना म्हणालो होतो, उडालं तर माफी मागेन. उडालं. सुंदर उडालं. गेलं वर्षभर मी मनात त्यांना ढोंगी म्हणत होतो. माझं चुकलं."

एवढं बोलून त्यांनी विमान टेबलावर पालथं ठेवलं, दातांनी चिकटपट्टी तोडली आणि पहिल्या भोकावर नीट, सुरकुती न पाडता, बसवायला घेतली. मैदानभर पट्टीचा तेवढा चर्र आवाज.

एखाद्याने शिव्या दिल्या असत्या तर निरीक्षक टिकले असते. हे त्यांच्याने बघवेना.

"थांबा," ते म्हणाले. "डॉक्टर, नका लावू."

त्यांनी आपलं विमान उचललं, पालथं केलं आणि दोन्ही झडपा अंगठ्याने आत ढकलल्या.

दलाचे प्रमुख वाकून बघायला लागले. "हे काय?"

"भोक आहे," निरीक्षक म्हणाले. "हवेसाठी."

त्यांनी खाली बघितलं. बुटांवर गवत चिकटलं होतं. आता आरडाओरड होईल, कुणीतरी हसेल, अध्यक्ष काहीतरी बोलतील, ह्याची ते वाट बघत राहिले. कुणीच बोललं नाही. ही शांतता जरा चमत्कारिक होती, पण लाजेत बुडालेल्या माणसाला ते कसं कळावं?

प्रमुखांना मात्र कुतूहल गप्प बसू देईना. त्यांनी ओळीतलं शेजारचं विमान सहज उलटं केलं. "ह्यालाही आहे की," ते म्हणाले. "इथे, चिकटवलेल्या चित्राखाली."

"ते बॅटरी गार राहायला," विमानाचा मालक पुटपुटला.

प्रमुखांनी पुढचं उलटं केलं. "ह्यालाही."

"ते पाणी गेलं तर निघून जायला."

त्याच्या पुढच्याचं भोक उंदराने पाडलेलं निघालं, अगदी गोल. त्याच्या पुढच्याच्या मालकाला तातडीचा फोन आला. प्रमुख आगीची जागा तपासावी तसे ओळीने तपासत गेले, आणि ओळीत शेवटी अध्यक्षांचं विमान होतं. त्याच्या पोटावर मंडळाचं मोठं बोधचिन्ह चिकटवलेलं. प्रमुखांनी नखाने त्याची कड उचलली. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

निरीक्षक त्या पालथ्या विमानांच्या रांगेकडे बघत राहिले. वर्षानुवर्षं ह्या पोटांवरून त्यांनी हात फिरवला होता. रस्त्यापलीकडून मेण ओळखणारा माणूस. आख्ख्या मंडळात भोक न लपवणारा एकच गृहस्थ होता आणि त्यालाच तेवढं हाकललं होतं. आपण चोरी केली ह्याची लाज एक वेळ पचली असती. पण ह्या लाजेला तळच लागेना.

"नियम रद्द समजावा का?" अध्यक्ष चष्म्यात बघत म्हणाले. कुणाचीच हरकत दिसली नाही. पाहुण्यांनी ढाल कुणाला द्यायची ते विचारलं, तेव्हा सगळेच एकदम दुसरीकडे बघू लागले.

निरीक्षक डॉक्टरांकडे गेले. माफीची वाक्यं त्यांनी त्या दहा पावलांत जुळवली होती, चांगली अलंकारिक, पण समोर पोचल्यावर त्यातलं एकही जागेवर सापडेना. "तुम्ही म्हणाला होतात," ते म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा. मला काही ठरवता येत नाहीये. तुम्हीच सांगा."

डॉक्टर भोकावरची पट्टी नखाने सोडवत होते. "ह्याला चाकं नाहीत," ते म्हणाले. "कुणीतरी डोक्यावर धरून पळत जाऊन फेकावं लागतं. वर्षभर फेकणारा माणूस नाही माझ्याकडे. तुम्ही पळाल?"

निरीक्षकांनी कोट काढून बायकोकडे दिला. ती डॉक्टरांच्या बायकोला म्हणाली, "बघा, घरात पाण्याचा पेला उचलताना ह्यांची कंबर धरते."

विमान दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, डॉक्टरांनी पंखा सुरू केला. ती दोन उघडी भोकं बरोबर टाळूवर आली आणि निरीक्षकांचे उरलेसुरले केस, जे ते फार विचारपूर्वक एका कानावरून दुसऱ्या कानाकडे नेत असत, उभे राहून आत बघू लागले. निरीक्षक पळाले. खुर्च्यांसमोरून, ढालीसमोरून, दलाच्या प्रमुखांसमोरून, कुंपणाशी उभ्या असलेल्या आज्यांसमोरून पळाले.

"सोडू?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"अजून नाही," मागून डॉक्टर म्हणाले. "वारा बरोबर नाही."

वारा पडलेला होता. मैदानावरचं गवतही हलत नव्हतं, हे निरीक्षकांना दिसत होतं. त्यांनी कुंपणापाशी वळण घेतलं.

"आता?"

"छान पळताय. अजून एक फेरी होऊ द्या."

निरीक्षकांनी विमान जरा सावरून धरलं आणि पुन्हा खुर्च्यांच्या दिशेने निघाले.